क्रीचरचा बळी देऊन पत्ते उचलण्याची रीत : मॅजिकच्या नव्या खेळाडूंसाठी

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ नव्याने शिकणाऱ्याच्या हाती काळ्या रंगाचे पत्ते आले की त्याला सर्वांत आधी खटकतात ते स्वतःचेच क्रीचर, म्हणजे आपल्या बाजूने लढणारा पत्ता, मारायला सांगणारे पत्ते. मॅना खर्चून टेबलावर आणलेले क्रीचर आपल्याच हाताने ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या व वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात) ठेवायचे आणि त्याच्या बदल्यात दोन पत्ते उचलायचे, हा व्यवहार वरकरणी आतबट्ट्याचा वाटतो. नवखा खेळाडू तो ज्या वेळी करतो त्या वेळी बहुधा तो आतबट्ट्याचा असतोही. तरीही रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आल्यापासून काळ्या रंगाचे कितीतरी यशस्वी डेक याच व्यवहारावर उभे राहिले आहेत. फरक पत्त्यात नसून बळी कोणाचा आणि कोणत्या क्षणी दिला यात असतो. जे क्रीचर तसेही हातचे जाणार आहे, ज्याने आपले काम आधीच केले आहे किंवा जे मुळात आपले नाहीच, त्याचाच बळी द्यावा, हे या लेखाचे सूत्र आहे. लँड, मॅना, हल्ला आणि ब्लॉक एवढ्या गोष्टी वाचकाला ठाऊक आहेत असे धरून पुढे लिहिले आहे.

पायरी पहिली : पत्त्यांचा हिशेब मांडा

सुरुवातीला एकच पत्ता डोळ्यांसमोर ठेवू. २०२० साली आलेल्या ‘कोअर सेट २०२१’ या संचातील ‘व्हिलेज राइट्स’ हा एका काळ्या मॅनाचा इन्स्टंट, म्हणजे कोणाच्याही टर्नमध्ये खेळता येणारा पत्ता आहे. तो खेळताना जादाची किंमत म्हणून आपल्या एका क्रीचरचा बळी द्यावा लागतो आणि मग दोन पत्ते उचलायला मिळतात. हातातला हा पत्ता गेला, टेबलावरचे क्रीचर गेले, म्हणजे दोन गेले. आले तेही दोनच. जमाखर्च बरोबरीत सुटला. याउलट निळ्या रंगातल्या ‘डिव्हिनेशन’ला तीन मॅना लागतात आणि तो आपल्याच टर्नमध्ये खेळावा लागतो, परंतु तिथे एक पत्ता जाऊन दोन येतात, म्हणजे निव्वळ एकाचा फायदा होतो. केवळ या आकड्यांकडे पाहणारा खेळाडू डिव्हिनेशन चांगला मानेल आणि कागदावर त्याचे बरोबरच आहे.

व्हिलेज राइट्सचा हिशेब आपल्या बाजूने झुकवायचा असेल, तर बळी दिलेल्या क्रीचरची त्या क्षणाची किंमत शून्याच्या जवळ आणावी लागते. ती शून्य झाली की एका मॅनात एक पत्ता देऊन दोन घेतले असे होते आणि इतका स्वस्त सौदा निळ्या रंगालाही सहजासहजी मिळत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका शून्यासाठी आहेत.

याच जातीचे आणखी काही पत्ते ओळखून ठेवावेत. २०११ च्या ‘इनिस्ट्राड’ संचातील ‘ऑल्टर्स रीप’ हेच काम दोन मॅनात करतो, म्हणून व्हिलेज राइट्स मिळत असेल तर त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये आलेल्या ‘डेडली डिस्प्यूट’लाही दोनच मॅना लागतात, मात्र त्यात क्रीचरऐवजी आर्टिफॅक्टचा (वस्तूच्या पत्त्याचा) बळी चालतो आणि दोन पत्त्यांशिवाय एक ट्रेझर टोकनही (डेकमधला पत्ता नसलेली, टेबलावर मांडायची खूण) मिळते. ते मोडून पुढे एक मॅना परत मिळत असल्यामुळे त्याची खरी किंमत एक मॅनाच राहते. हा पत्ता किती जोरकस आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो : केवळ कॉमन दर्जाच्या पत्त्यांवर खेळल्या जाणाऱ्या ‘पॉपर’ या प्रकारात त्याच्यावर २०२५ मध्ये बंदी आली. टेबलावर येताना एक पत्ता देणारे आणि ग्रेव्हयार्डमध्ये जाताना आणखी एक देणारे ‘आयकर वेलस्प्रिंग’ डेडली डिस्प्यूटला बळी दिले, की एका झटक्यात तीन पत्ते आणि वर ट्रेझर पदरात पडते. मित्रमंडळींत खेळताना बंदीची अडचण नाही, मात्र स्पर्धेत उतरण्यापूर्वी त्या प्रकाराची चालू यादी पाहून घ्यावी.

पायरी दुसरी : बळी म्हणजे काय, हे नियमांतून समजून घ्या

बळी आणि नाश या खेळात वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ‘इनडिस्ट्रक्टिबल’ क्रीचरचा नाश होत नाही, पण त्याचा बळी निःशंकपणे देता येतो. बळी देताना कशालाही टार्गेट केले जात नसल्यामुळे हेक्सप्रूफचाही (प्रतिस्पर्ध्याच्या टार्गेटपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा) प्रश्न येत नाही. बळी फक्त स्वतःच्या ताब्यातल्या क्रीचरचा देता येतो आणि एका क्रीचरच्या बळीवर दोन पत्त्यांची किंमत भागवता येत नाही. याच टर्नमध्ये टेबलावर आलेले क्रीचर हल्ला करू शकत नसले, तरी त्याचा बळी देण्यास कोणतीही आडकाठी नसते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे किंमत आणि परिणाम यांच्यातील अंतर. व्हिलेज राइट्समधील बळी ही किंमत आहे. ती पत्ता खेळतानाच भरली जाते आणि त्यानंतरच प्रतिस्पर्ध्याला प्रत्युत्तराची संधी मिळते. यातून एक लाभ होतो आणि एक धोका उद्भवतो. लाभ असा की, तुम्ही बळी देणार हे पाहून समोरचा ते क्रीचर आधीच मारून तुमचा पत्ता अडवू शकत नाही, कारण त्याला बोलायची संधी मिळेपर्यंत क्रीचर ग्रेव्हयार्डमध्ये पोहोचलेले असते. धोका असा की, समोरच्याने ‘काउंटरस्पेल’ हा निळा पत्ता खेळून व्हिलेज राइट्स रद्द केला, तर क्रीचर परत येत नाही आणि पत्तेही मिळत नाहीत. दोन्ही बाजूंनी नागवले जाणे ते हेच. म्हणून समोरच्याची निळ्या मॅनाची लँड न वापरता उभी असतील, तर तसेही मरणाऱ्या क्रीचरखेरीज दुसऱ्या कशाचाही बळी देऊ नये.

टेबलावर बसून राहणाऱ्या पत्त्यांना हा धोका फारसा नसतो. ‘व्हॅम्पायरिक राइट्स’ हे एका काळ्या मॅनाचे एन्चांटमेंट एकदा खाली उतरले, की प्रत्येक वेळी दोन मॅना आणि एक क्रीचर देऊन एक पत्ता व एक लाइफ मिळते. ही ॲबिलिटी (टेबलावरच्या पत्त्यावर लिहिलेली कृती) असल्यामुळे साधा काउंटरस्पेल तिला अडवू शकत नाही. हे काम संथ असते, पण लांबलेल्या डावात हाच पत्ता प्रतिस्पर्ध्याचा घाम काढतो.

टोकनांबद्दल नव्या खेळाडूंच्या मनात नेहमी शंका असते. टोकन क्रीचर मरते तेव्हा ते क्षणभर का होईना ग्रेव्हयार्डमध्ये जाते आणि मगच नाहीसे होते. त्यामुळे ‘क्रीचर मेले की’ अशा शब्दांनी सुरू होणारी प्रत्येक ॲबिलिटी टोकनासाठीही चालते, फक्त त्या पत्त्यावर ‘टोकन नसलेले’ असा शब्दप्रयोग नाही ना, हे पाहावे लागते. त्या दोन शब्दांमुळे काय उलथापालथ होते, ते चौथ्या पायरीत येईल.

पायरी तिसरी : क्षण ओळखा

नवा खेळाडू आणि मुरलेला खेळाडू यांतला फरक या पायरीवर दिसतो, म्हणून तिच्यावर अधिक वेळ घालवणे योग्य ठरेल.

नवखा खेळाडू पत्ता हाती आला रे आला की स्वतःच्या टर्नमध्ये खेळून मोकळा होतो. व्हिलेज राइट्स इन्स्टंट आहे, म्हणजे तो प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्येही खेळता येतो आणि त्याची खरी किंमत तिथेच वसूल होते. एक काळे लँड मोकळे ठेवून टर्न संपवायचा आणि वाट पाहायची. पहिला क्षण येतो तो प्रतिस्पर्ध्याने आपले क्रीचर मारायला पत्ता टाकल्यावर. समजा त्याने तीन मॅनाचा ‘मर्डर’ आपल्या क्रीचरवर रोखला. त्याला प्रत्युत्तर म्हणून आपण त्याच क्रीचरचा बळी देऊन दोन पत्ते उचलले, की मर्डरला टार्गेटच उरत नाही आणि तो काहीही न करता ग्रेव्हयार्डमध्ये जातो. क्रीचर जाणारच होते. त्याने जाता जाता दोन पत्ते दिले, आणि प्रतिस्पर्ध्याचा एक पत्ता व तीन मॅना पाण्यात गेले. समोरचा ‘स्वोर्ड्स टू प्लाऊशेअर्स’सारखा क्रीचर थेट एक्झाइल करणारा, म्हणजे ग्रेव्हयार्डऐवजी खेळाबाहेर काढणारा पत्ता वापरत असेल तेव्हा तर हे अधिकच उपयोगी पडते, कारण आपण बळी दिला तर क्रीचर रीतसर मरते आणि त्याच्या मरणावर अवलंबून असलेल्या ॲबिलिटी जिवंत राहतात.

दुसरा क्षण ब्लॉकचा. कॅफेच्या टेबलावर हा प्रसंग साधारण असा घडतो. समोरच्याकडे चार-चारचे, म्हणजे चार पॉवर (मारण्याची ताकद) आणि चार टफनेस (सोसण्याची ताकद) असलेले एक क्रीचर आहे. आपल्याकडे ‘डूम्ड ट्रॅव्हलर’ हे एका पांढऱ्या मॅनाचे एक-एकचे क्रीचर आहे, जे मेल्यावर उडणारे एक-एकचे स्पिरिट टोकन मागे ठेवते.

“हल्ला करतोय. चार-चार.”

“ट्रॅव्हलरने ब्लॉक. पुढे काही खेळणार आहेस?”

“नाही, डॅमेज मोजू.”

“त्याच्या आधी व्हिलेज राइट्स. ट्रॅव्हलरचा बळी, दोन पत्ते उचलतो. आणि हे स्पिरिट आलं.”

“मग माझा हल्ला थेट तुझ्यावर ना?”

“छे रे, ब्लॉक झालाच आहे की.”

एकदा ब्लॉक झालेले क्रीचर ब्लॉक झालेलेच राहते, ब्लॉक करणारे मध्येच नाहीसे झाले तरीही. हल्ला करणाऱ्याला ‘ट्रॅम्पल’ (ब्लॉकरला पुरून उरलेले डॅमेज खेळाडूला देणारी ॲबिलिटी) नसेल तर आपल्याला एकही डॅमेज लागत नाही. ट्रॅम्पल असेल मात्र तर ब्लॉकर उरला नसल्यामुळे सगळे डॅमेज आपल्यावर येते, तेव्हा हल्लेखोराच्या पत्त्यावरची ओळ आधी वाचावी. वरच्या प्रसंगात आपण एक मॅना खर्चून चार लाइफ वाचवली, दोन पत्ते उचलले आणि उडणारे टोकनही मिळवले.

येथे एक इशारा द्यायला हवा. आपले दोन-दोनचे क्रीचर समोरच्या दोन-दोनच्या क्रीचरला भिडले असेल आणि दोन्ही मरणार असतील, तर डॅमेज होण्यापूर्वी आपल्या क्रीचरचा बळी दिल्यास समोरचे क्रीचर वाचते. बळी गेलेले क्रीचर डॅमेज देत नाही. खेळाचे जुने जाणकार कधीकधी याच्या उलट सांगतात, कारण पूर्वी डॅमेज स्टॅकवर (अजून अमलात न आलेल्या कृतींच्या रांगेत) ठेवले जाई आणि त्यानंतर क्रीचरचा बळी दिला तरी डॅमेज लागत असे. २००९ मध्ये नियम बदलले आणि ती सोय संपली. म्हणून आपला ब्लॉकर समोरच्याला मारू शकत असेल तर त्याला मारू द्यावे, आणि तो नुसताच चिरडला जाणार असेल तेव्हाच त्याचा बळी द्यावा.

तिसरा क्षण सर्वांत मजेचा, कारण यात बळीचा बकरा प्रतिस्पर्ध्याच्या गोठ्यातला असतो. लाल रंगातल्या ‘ॲक्ट ऑफ ट्रीझन’ने तीन मॅनात समोरच्याचे कोणतेही एक क्रीचर त्या टर्नपुरते आपल्या ताब्यात येते, अनटॅप होते (वापरल्याची खूण म्हणून आडवा केलेला, म्हणजे टॅप केलेला पत्ता पुन्हा उभा होतो) आणि त्याला लगेच हल्ला करता येतो. त्याचाच स्वस्त भाऊ ‘क्लेम द फर्स्टबॉर्न’ एका लाल मॅनात तीन किंवा कमी मॅनाच्या क्रीचरला असेच पळवतो. मालकाचे क्रीचर घेऊन मालकावरच हल्ला करायचा, डॅमेज वसूल करायचे आणि टर्न संपून ते परत जाण्यापूर्वी त्याचा बळी देऊन दोन पत्ते उचलायचे. क्रीचर मूळ मालकाच्या ग्रेव्हयार्डमध्ये जाते. क्रम चुकवू नये : आधी हल्ला, मग बळी. हाच प्रयोग आपल्यावर होऊ लागला तर आपणही प्रत्युत्तरात आपल्या क्रीचरचा बळी देऊन टाकावा. चोराच्या हाती काही लागू द्यायचे नाही.

यांपैकी कोणताच क्षण आला नाही तर काय करावे? प्रतिस्पर्ध्याच्या टर्नच्या अगदी शेवटी, मॅना फुकट जाणारच असेल तर, सर्वांत फुटकळ क्रीचरचा बळी द्यावा. हातात पुरेसे पत्ते असतील तर तेही करू नये. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणाऱ्यांचे टेबल लवकर रिकामे होते आणि भरलेला हात घेऊन ते हरतात.

पायरी चौथी : बळी आणि मोबदला यांची जोडी जुळवा

बळी देण्यास योग्य क्रीचर ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे : ते मेल्यावर टेबलावर किंवा हातात काहीतरी उरले पाहिजे. डूम्ड ट्रॅव्हलर याचा आदर्श नमुना. पांढऱ्यातलाच ‘हंटेड विटनेस’ मेल्यावर लाइफलिंक (केलेल्या डॅमेजइतकी लाइफ मिळवून देणारी ॲबिलिटी) असलेला एक-एकचा सैनिक ठेवतो. काळ्यातील ‘इन्फेस्टेशन सेज’, जी २०२४ च्या ‘फाउंडेशन्स’ संचात आली, ती मेल्यावर एक उडणारा किडा देते. ‘रिअसेंब्लिंग स्केलेटन’ वेगळ्या पद्धतीने काम करतो : दोन मॅना दिले की तो ग्रेव्हयार्डमधून टॅप होऊन परत टेबलावर येतो, कितीही वेळा. व्हॅम्पायरिक राइट्ससोबत तो असला की चार मॅनात एक पत्ता आणि एक लाइफ, असे चक्र प्रत्येक टर्नमध्ये चालू ठेवता येते. महाग आहे, परंतु सातव्या-आठव्या टर्ननंतर मॅनाला दुसरे काम उरत नाही तेव्हा हा सांगाडा फार उपयोगी पडतो.

मोबदल्याचे पत्ते मात्र डोळसपणे निवडावे लागतात. ‘मिडनाइट रीपर’ आणि ‘मॉर्बिड ऑपॉर्च्युनिस्ट’ ही दोन्ही क्रीचर तीन मॅनाची, दोन्ही मरणावर पत्ते देणारी; नवा खेळाडू त्यांना एकसारखीच समजतो. रीपर फक्त टोकन नसलेल्या आपल्या क्रीचरच्या मरणावर पत्ता देतो, स्वतःच्या मरणावरही देतो, आणि प्रत्येक वेळी आपल्याला एक डॅमेज करतो. हे डॅमेज टाळता येत नाही. एक लाइफ उरलेली असताना आपल्या क्रीचरांचा सडा पडला तर रीपर आपल्यालाच संपवतो. ऑपॉर्च्युनिस्ट टोकनांवरही चालतो, प्रतिस्पर्ध्याच्या क्रीचरांवरही चालतो, त्याला लाइफ द्यावी लागत नाही. पण प्रत्येक टर्नमध्ये तो एकदाच पत्ता देतो.

या अटींवरून डेक कसा असावा हे ठरते. तुमचा डेक स्पिरिट, सैनिक आणि किडे अशा टोकनांनी भरलेला असेल तर रीपर त्यात निम्मा वेळ झोपून राहील आणि ऑपॉर्च्युनिस्ट रोज कमाई करेल. ऑपॉर्च्युनिस्ट असताना एकाच टर्नमध्ये तीन बळी देण्याऐवजी एक आपल्या टर्नमध्ये आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्ये असा द्यावा. चौघांनी खेळायच्या ‘कमांडर’ या प्रकारात तर एका फेरीत चार टर्न होतात, म्हणजे नीट विभागून दिलेले चार बळी चार जादा पत्ते देतात. ‘ब्लड आर्टिस्ट’ पत्ते देत नाही, तरी तो या डेकमध्ये असावा असे माझे मत आहे. कोणतेही क्रीचर मेले की तो एका खेळाडूची एक लाइफ काढून आपल्याला देतो आणि बळींच्या या सगळ्या खटाटोपाने शेवटी डाव जिंकायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर तोच असतो.

मोठ्या क्रीचरच्या ताकदीइतके पत्ते देणारे पत्तेही आहेत. ‘डिसायपल ऑफ बोलास’ टेबलावर येताना दुसऱ्या क्रीचरचा बळी घेतो आणि त्याच्या पॉवरइतके पत्ते व तितकीच लाइफ देतो. हिरव्या रंगातला ‘ग्रेटर गुड’ पॉवरइतके पत्ते देतो, पण नंतर तीन टाकून द्यायला लावतो, त्यामुळे तीन किंवा कमी पॉवरच्या क्रीचरवर त्याचा वापर केल्यास पत्त्यांची संख्या वाढतच नाही. पहिल्या डेकमध्ये यांच्या भानगडीत पडू नये.

‘स्कलक्लॅम्प’बद्दल मात्र सांगितले पाहिजे. २००४ च्या ‘डार्कस्टील’ संचातील हे एका मॅनाचे इक्विपमेंट क्रीचरला पॉवरमध्ये एक वाढवून देते, टफनेसमध्ये एक कमी करते, आणि ते क्रीचर मेले की दोन पत्ते देते. लावायला पुन्हा एकच मॅना लागतो. एक-एकच्या क्रीचरला ते लावले की टफनेस शून्य होऊन क्रीचर लगेच मरते, म्हणजे बळी देणारा वेगळा पत्ताही लागत नाही. दर मॅनाला दोन पत्ते. त्याच वर्षी जूनमध्ये ‘स्टँडर्ड’ प्रकारात त्याच्यावर बंदी आली. ‘मॉडर्न’ आणि ‘लेगसी’मध्येही ते चालत नाही. कमांडरमध्ये चालते आणि तयार मिळणाऱ्या बऱ्याच कमांडर डेकमध्ये ते असते. तुमच्या डेकमध्ये निघाले तर ते उगाच मोठ्या क्रीचरच्या गळ्यात बांधू नका.

पायरी पाचवी : साठ पत्ते मोजून भरा

पहिला डेक काळ्या-पांढऱ्या रंगांचा करावा. साठ पत्त्यांत बावीस लँड, मेल्यावर काहीतरी मागे ठेवणारी सोळा स्वस्त क्रीचर, बळी घेऊन पत्ते देणारे आठ, चार ‘व्हिसेरा सीअर’, चार मॉर्बिड ऑपॉर्च्युनिस्ट आणि समोरच्याची क्रीचर मारणारे सहा पत्ते, अशी वाटणी मला समतोल वाटते. ब्लड आर्टिस्ट हवा असेल तर शेवटच्या सहांतून दोन कमी करावेत.

आठ हा आकडा हवेतून काढलेला नाही. साठांच्या डेकमध्ये एखाद्या पत्त्याच्या चार प्रती असतील तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत त्यांपैकी किमान एक असण्याची शक्यता सुमारे चाळीस टक्के असते. आठ असतील तर ती सुमारे पासष्ट टक्के होते. त्याहून अधिक भरण्याचा मोह टाळावा. हातात तीन व्हिलेज राइट्स आणि टेबलावर एकही क्रीचर नाही, अशी स्थिती आली की तो हात मेलेला असतो, कारण बळी दिल्याशिवाय तो पत्ता खेळताच येत नाही.

व्हिसेरा सीअरचे काम नव्या खेळाडूच्या चटकन लक्षात येत नाही. एका मॅनाचे हे क्रीचर एकही मॅना न घेता कोणत्याही क्रीचरचा, स्वतःचासुद्धा, बळी घेते आणि डेकचा सर्वांत वरचा पत्ता पाहून नको असल्यास तळाशी टाकू देते. पत्ता मिळत नाही, मग उपयोग काय? उपयोग असा की मॅना संपलेला असतानाही मरणारे क्रीचर वाया जात नाही आणि ऑपॉर्च्युनिस्टला प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्ये लागणारा बळी फुकटात पुरवता येतो. सीअर आणि व्हिलेज राइट्स दोन्ही वापरायचे असतील तर आधी सीअरने वरचा पत्ता चाळून घ्यावा, मगच दोन उचलावेत.

टेबलावरच्या काही गोष्टी

पुण्यात हा खेळ कॅफेत, मित्राच्या घरी किंवा वसतिगृहाच्या खोलीत जमून खेळला जातो आणि तिथे बसण्यापूर्वी ‘मॅजिक : द गॅदरिंग अरीना’ या मोफत संगणकीय आवृत्तीवर थोडा हात बसवलेला बरा. तिथे प्रत्युत्तराची संधी हातून निसटू नये म्हणून ‘फुल कंट्रोल’ चालू करून सराव करावा. प्रत्यक्ष टेबलावर बळी देताना पत्त्याचे नाव आणि बळीचे नाव स्पष्ट उच्चारावे, क्रीचर ग्रेव्हयार्डमध्ये ठेवावे, समोरच्याला काही म्हणायचे आहे का ते विचारावे आणि मगच डेकला हात लावावा. आधी पत्ते उचलून नंतर “हा बळी धर” म्हणणाऱ्याशी वाद होतात, आणि वाद घालण्यात पुणेकर मागे हटत नाही.

टोकनांसाठी वेगळे पत्ते विकत घेण्याची गरज नाही. तुळशीबागेत मिळणाऱ्या पांढऱ्या गुंड्या स्पिरिटसाठी आणि पिवळे मणी ट्रेझरसाठी ठेवले की भागते. टॅप झालेले टोकन ओळखू यावे म्हणून गुंडी मात्र दोन बाजूंनी वेगळी दिसणारी निवडावी. महागडे पत्ते घेण्यापूर्वी त्यांची कागदी प्रत झेरॉक्सच्या दुकानातून काढून स्लीव्हमध्ये (पत्त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात) जुन्या पत्त्यापुढे सरकवून खेळून पाहण्यास मित्रांची हरकत नसते. अधिकृत स्पर्धेत ते चालत नाही. पत्ते स्लीव्हमध्येच ठेवावेत. पावसाळ्याच्या दमट हवेत चकाकते फॉइल पत्ते वाकतात आणि पिसलेल्या डेकमध्ये ते वरूनच ओळखू येतात.

पायरी सहावी : एकट्याने सराव करा, मग समोरच्याची तयारी पाहा

डेक पिसून सात पत्ते उचला आणि समोर कोणी नसताना सहा टर्न खेळून पाहा. प्रत्येक टर्नच्या शेवटी वहीत दोनच गोष्टी टिपा : हातात बळी घेणारा पत्ता पडून राहिला का, आणि टेबलावर बळी देण्याजोगे क्रीचर होते का. असे अनेकदा केल्यावर पहिल्या रकान्यात खुणा जास्त दिसल्या तर स्वस्त क्रीचर वाढवा; दुसऱ्या रकान्यात क्रीचर साचत असतील आणि पत्ते येत नसतील तर बळी घेणारा एखादा पत्ता वाढवा. एका वेळी दोनपेक्षा जास्त पत्ते बदलू नयेत, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

यानंतर प्रतिस्पर्धी काय आणू शकतो याचा विचार करावा. ‘यशार्न, इम्प्लॅकेबल अर्थ’ हे क्रीचर टेबलावर असेपर्यंत लँडखेरीज दुसऱ्या कशाचाही बळी किंमत म्हणून देता येत नाही. ते दिसले की डेकमधले क्रीचर मारणारे पत्ते आधी त्याच्यावरच वापरावेत. ‘रेस्ट इन पीस’ हे दोन मॅनाचे पांढरे एन्चांटमेंट अधिक वेळा भेटते आणि अधिक गोंधळात टाकते. ते टेबलावर असताना ग्रेव्हयार्डमध्ये जाणारी प्रत्येक गोष्ट एक्झाइल होते, त्यामुळे नियमाच्या दृष्टीने क्रीचर मरतच नाही. डूम्ड ट्रॅव्हलर टोकन देत नाही, ऑपॉर्च्युनिस्ट आणि ब्लड आर्टिस्ट गप्प बसतात, सांगाडा परत येत नाही. परंतु बळी देणे मात्र चालू राहते : व्हिलेज राइट्सची किंमत भरता येते आणि दोन पत्ते मिळतातच. म्हणून दुसऱ्या डावापूर्वी पत्ते बदलण्याची मुभा असेल तेव्हा रेस्ट इन पीस पाहिल्यावर घाईने सगळे बळीचे पत्ते काढू नयेत. व्हिलेज राइट्स आणि व्हिसेरा सीअर ठेवावेत, ऑपॉर्च्युनिस्ट आणि ब्लड आर्टिस्ट बाहेर काढावेत आणि त्यांच्या जागी एन्चांटमेंट नष्ट करणारे दोन-तीन पांढरे पत्ते व स्वतःच्या ताकदीवर हल्ला करू शकणारी क्रीचर भरावीत.